माऊझर : एक गाव, दोन भाऊ आणि एक बोल्ट – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं सगळं आयुष्य टूलरूममध्ये गेलं. कामाला लागलो तेव्हा कपाटात एक जुना जर्मन व्हर्नियर होता आणि त्याच्या पट्टीवर ‘माऊझर’ असं कोरलेलं होतं. आमचे वस्ताद तो कुणाला हात लावू देत नसत. बंदुकीचं नाव मोजमापाच्या पट्टीवर कसं आलं, हे कोडं तेव्हापासून डोक्यात आहे. ते सोडवता सोडवता जे वाचलं आणि समजलं ते इथे प्रश्नोत्तरांत मांडलं आहे. पुष्कळसे प्रश्न मला खरोखरच कुणी ना कुणी विचारलेले आहेत.

माऊझर म्हणजे पिस्तूलच ना?

नाही. माऊझर हे आधी एका कुटुंबाचं आडनाव, मग कंपनीचं नाव. तिने पिस्तुलं बनवली तशा रायफली, विमानावरच्या तोफा, शिवणयंत्रं, हिशेबाची यंत्रं आणि व्हर्नियरही बनवले. जगाच्या इतिहासात तिचं वजन पडलं ते रायफलींमुळे. आपल्याकडे मात्र क्रांतिकारकांच्या कथांतून हे नाव आलं, म्हणून ते पिस्तुलाला चिकटलं. आजही बातमीत ‘माऊझर जप्त’ असं छापून येतं, तेव्हा ते पिस्तूल जर्मनीत बनलेलं असेलच असं नाही. गावठी बनावटीच्या पिस्तुलालाही हे नाव सर्रास लावतात.

उच्चार काय करायचा? मौजर, माउजर की माऊझर?

जर्मनमध्ये मधला ध्वनी इंग्रजी ‘झेड’सारखा आहे. मराठीत ‘माऊझर’ लिहिणं त्याला सगळ्यात जवळ जातं. ‘माउजर’ हे रूप हिंदीतून आलं आहे.

कंपनी नेमकी कधी सुरू झाली?

कारखाना आधीचा आहे, माऊझर नंतरचे. नैर्ऋत्य जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टच्या कडेला, नेकार नदीच्या खोऱ्यात ओबर्नडॉर्फ नावाचं लहानसं गाव आहे. तिथे ऑगस्टिनियन पंथाचा एक मठ होता. नेपोलियनच्या काळात तो सरकारजमा झाला आणि ३१ जुलै १८११ रोजी व्युर्टेम्बर्गचा राजा पहिला फ्रीडरिख याने तिथे शाही बंदूक कारखाना काढायचा हुकूम दिला. पुढच्या वर्षी काम सुरू झालं. नेकारच्या पाण्याची शक्ती, आसपासचं लाकूड आणि मठाच्या जाड भिंती हे सगळं आयतंच मिळालं.

या कारखान्यात फ्रान्झ आंद्रेआस माऊझर नावाचा कारागीर कामाला होता. घरात तेरा मुलं. त्यांतला विल्हेल्म १८३४ सालचा आणि शेंडेफळ पीटर पॉल २७ जून १८३८ चा. बाप बंदुकी घडवायचा, मुलंही त्याच कारखान्यात हात काळे करत वाढली. म्हणून कंपनीचं वय कुणी १८११ पासून मोजतं, तर कुणी भावांनी कारखाना घेतला त्या १८७४ पासून. मला पहिलं मोजमाप जास्त खरं वाटतं. त्या गावाचे हात १८११ पासून हेच काम करत होते आणि पॉल माऊझर त्या हातांतूनच घडला.

दोघा भावांपैकी डोकं कुणाचं?

यंत्राचं डोकं पॉलचं, व्यवहाराचं विल्हेल्मचं. पॉलला १८५९ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेसाठी लुडविग्सबुर्गच्या शस्त्रागारात पाठवलं. तिथे त्याने प्रशियाची ‘सुई-बंदूक’ जवळून पाहिली. योहान निकोलाउस ड्रायझेने केलेली ही बंदूक मागून भरायची होती आणि दरवाजाच्या कडीसारखा सरकणारा बोल्ट हे तिचं वैशिष्ट्य. काडतूस मात्र कागदी. त्यात घुसणारी लांब सुई वारंवार जळायची, वाकायची आणि बोल्टाच्या फटीतून गरम वायू शिपायाच्या तोंडावर यायचा.

पॉलने बोल्ट ठेवला आणि बाकीचं बदललं. पितळी पुंगळीचं काडतूस घेतलं. ते फुगून नळीचं मागचं तोंड आपोआप बंद करतं, त्यामुळे वायूचा प्रश्न मिटला. शिवाय नुसता बोल्ट फिरवला की स्प्रिंग ताणली जाईल अशी रचना केली. शिपायाच्या हाताचं एक काम कमी झालं.

या शोधाला गिऱ्हाईक मिळवायला विल्हेल्म वणवण फिरला. तो १८८२ च्या जानेवारीत वारला, वय अवघं सत्तेचाळीस. इतिहासात एकट्या पॉलचं नाव राहतं आणि दरवाजे ठोठावणारा थोरला भाऊ मागे पडतो, याचं मला वाईट वाटतं.

पहिली रायफल कुणी घेतली?

मायदेशी कुणी विचारेना, तेव्हा भेटला सॅम्युएल नॉरिस, अमेरिकेच्या रेमिंग्टन कंपनीचा युरोपातला माणूस. त्याने १८६७ मध्ये भावांशी करार करून त्यांना बेल्जियममधल्या लिएजला नेलं. जून १८६८ मध्ये अमेरिकेत पेटंटही निघालं. पुढे नॉरिसने हात आखडता घेतला आणि भाऊ रिकाम्या खिशाने ओबर्नडॉर्फला परतले.

दरम्यान बंदूक प्रशियाच्या स्पांडाऊ इथल्या नेमबाजी शाळेत चाचणीला लागली होती. डिसेंबर १८७१ मध्ये नव्या जर्मन साम्राज्याने ती स्वीकारली, ‘मॉडेल ७१’ या नावाने. ११ मिलिमीटर व्यासाची, काळ्या दारूची, एका वेळी एकच गोळी घेणारी. पैसे मात्र भावांच्या अपेक्षेपेक्षा फार कमी मिळाले. रायफली बनल्या त्या सरकारी कारखान्यांत आणि ऑस्ट्रियातल्या श्टायरला. ज्यांनी ती शोधली त्यांच्या वाट्याला सुरुवातीला आलं ते साइट, म्हणजे नेम धरायचा भाग, बनवायचं काम.

मग व्युर्टेम्बर्गच्या सैन्यासाठी एक लाख रायफलींची ऑर्डर मिळाली. तिच्या भरवशावर १८७४ मध्ये श्टुटगार्टच्या एका बँकेला सोबत घेऊन त्यांनी तो जुना शाही कारखानाच दोन लाख गुल्डनला विकत घेतला. बाप जिथे मजुरी करत होता, तो कारखाना मुलांच्या नावावर झाला.

म्हणजे माऊझर कुटुंब कायम मालक राहिलं?

मुळीच नाही. १८८४ मध्ये कंपनी भागभांडवलाची झाली. १८८७ मध्ये तुर्कस्तानच्या ओटोमन सरकारची प्रचंड ऑर्डर आली: पाच लाख रायफली आणि पन्नास हजार कार्बाइन, म्हणजे आखूड रायफली. एकट्या ओबर्नडॉर्फला ती झेपणारी नव्हती. बर्लिनच्या लुडविग लोव्हं कंपनीशी भागीदारी झाली. शिवणयंत्रं आणि मशीन टूल्स बनवणारी ही कंपनी होती, अमेरिकन पद्धतीने सुटे भाग इतके तंतोतंत काढणारी की कुठलाही भाग कुठल्याही बंदुकीला बसावा. त्याच वर्षाच्या अखेरीस लोव्हंने बँकेचे शेअर घेतले आणि सत्ता बर्लिनकडे गेली. १८९६ मध्ये लोव्हंने शस्त्रं आणि दारूगोळ्याचा आपला धंदा एका मोठ्या कंपनीत गोळा केला, आद्याक्षरांनी ‘डीडब्ल्यूएम’. माऊझर तिची उपकंपनी झाली. पॉल तांत्रिक प्रमुख राहिला, मालक राहिला नाही.

त्या तुर्की करारातलं एक कलम मोठं हुशारीचं आहे: माऊझरने यापुढे काही सुधारणा केली तर उरलेल्या रायफली सुधारित पद्धतीच्याच द्यायच्या. फ्रान्सने १८८६ मध्ये धूर न करणारी दारू आणली आणि काळ्या दारूची शस्त्रं रातोरात जुनी झाली. तुर्कांनी कलमावर बोट ठेवलं. ऑर्डरीतल्या उरलेल्या रायफली नव्या, लहान व्यासाच्या आल्या.

‘गेवेर ८८’ ही माऊझरचीच ना?

नाही, आणि ही चूक फार ठिकाणी दिसते. फ्रेंचांच्या नव्या दारूला घाईघाईने उत्तर म्हणून जर्मन लष्कराच्या एका समितीने १८८८ मध्ये ती रायफल बांधली. पॉल माऊझरला विश्वासात घेतलं नव्हतं. तो अपमान त्याला लागला. पुढची दहा वर्षं त्याने बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी एकामागून एक सुधारणा केल्या: बेल्जियम १८८९, स्पेन १८९३, स्वीडन १८९४ आणि १८९६. स्वतःचा देश सगळ्यात शेवटी, ५ एप्रिल १८९८ ला आला.

१८९८ च्या बोल्टमध्ये एवढं काय आहे?

यंत्राचा माणूस म्हणून मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हाच.

त्यातला एकेक भाग आधी कुठे ना कुठे होता. पॉल माऊझरची कामगिरी म्हणजे अनुभवातून एकेक दोष काढत सत्तावीस वर्षांनी तो अशा जागी पोहोचला, की नंतरच्या लोकांना बदलायला फारसं काही उरलं नाही.

पहिली गोष्ट, कुलूप. गोळी सुटताना सगळा दाब मागे बोल्टावर येतो. मॉडेल ७१ मध्ये तो मूठ जोडलेल्या बरगडीवर पेलला जाई. धूरविरहित दारूचा दाब त्याला सोसेना. म्हणून पुढे, अगदी नळीच्या तोंडाशी, बोल्टाला समोरासमोर दोन दाते दिले. बोल्ट फिरवला की ते खाचेत अडकतात आणि ताण दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. ९८ मध्ये मागे तिसरा दाता आला. तो एरवी कुठेही टेकत नाही, पुढचे दोन तुटले तर शिपायाचा चेहरा वाचावा एवढ्यासाठीच तो आहे. रोजच्या कामाला न येणारा भाग केवळ माणसासाठी ठेवणं, हे मला मोठं वाटतं.

दुसरी, पकड. बोल्टाच्या अंगाला स्प्रिंगच्या पोलादाची एक लांब पट्टी, तिच्या टोकाला आकडा. बोल्ट फिरला तरी ही पट्टी फिरत नाही. काडतूस मॅगझिनमधून (काडतुसांच्या पेटीतून) वर येतं त्याच क्षणी त्याच्या कडेखाली आकडा सरकतो आणि पुंगळी बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. घाबरलेल्या शिपायाने बोल्ट अर्धाच पुढे नेऊन परत ओढला, तरी ते काडतूस आकड्याबरोबर मागे येतं. नाहीतर एक आत राहतं, दुसरं त्याच्यावर आदळतं आणि बंदूक अडते.

तिसरी, मॅगझिन. १८९३ च्या स्पॅनिश रायफलीत पाच काडतुसं नागमोडी, एकाआड एक बसवली. पेटी बुटकी झाली आणि लाकडी दस्त्याच्या आत मावली. भरायला पत्र्याची एक क्लिप: तिच्यातली पाचही काडतुसं अंगठ्याच्या एका दाबात खाली.

आणि शेवटी, बोल्टाला वायू निघून जाण्यासाठी भोकं. काडतूस फुटलंच तर गरम वायू डोळ्यांकडे न जाता मॅगझिनकडे खाली वळावा म्हणून. पॉलला या भीतीची जाणीव अंगावरची होती. १९०१ मध्ये आपोआप भरणाऱ्या रायफलीची चाचणी घेताना अपघात झाला आणि त्याचा एक डोळा गेला. त्यानंतरही तो काम करत राहिला. १९१२ मध्ये त्याला सरदारकी मिळाली. २९ मे १९१४ रोजी तो गेला, महायुद्ध पेटायच्या दोन महिने आधी.

अमेरिकेने माऊझरची नक्कल केली आणि दंड भरला, हे खरं का?

अर्धं खरं. १८९८ मध्ये क्यूबात सान हुआन टेकड्यांवर स्पॅनिश सैनिकांच्या ७ मिलिमीटर माऊझरनी अमेरिकन तुकड्यांना चांगलंच सोलून काढलं. त्यानंतर स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्याने १९०३ ची रायफल काढली, ती उघडउघड माऊझरच्या वळणाची होती. कोर्टाचा दंड वगैरे नव्हता. अमेरिकन सरकारने करार केला, एका रायफलीमागे ७५ सेंट आणि क्लिपांवर वेगळी रक्कम, मिळून जास्तीत जास्त दोन लाख डॉलर. ती रक्कम दिलीही.

बोअर युद्धाशी या कंपनीचा काय संबंध? आणि आपल्या ‘थ्री नॉट थ्री’शी?

१८९५ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवाल या बोअरांच्या (डच वंशाच्या वसाहतवाल्यांच्या) राज्यावर ब्रिटिशांच्या बाजूच्या जेम्सनचा छापा पडला. त्यानंतर बोअर सरकारने जर्मनीतून हजारो माऊझर मागवल्या. शेतकरी असलेले हे नेमबाज क्लिपने झटपट भरायचे, धूर नसल्यामुळे दिसायचे नाहीत. समोरच्या ब्रिटिश शिपायाला आपली ली-मेटफर्ड किंवा ली-एनफील्ड एकेक काडतूस हाताने भरावी लागे. २४ जानेवारी १९०० ला स्पायन कॉपच्या टेकडीवर ब्रिटिशांना याची किंमत मोजावी लागली. त्या लढाईतले जखमी खांद्यावर वाहून नेणाऱ्यांत मोहनदास गांधींनी उभारलेलं हिंदी रुग्णवाहिका पथक होतं.

ब्रिटिश त्यातून शिकले. पुढच्या ली-एनफील्डला क्लिपने भरायची सोय आली आणि १९०७ च्या मार्क ३ मध्ये ती पक्की झाली. तीच ‘थ्री नॉट थ्री’ नंतर भारतात इशापूरला बनली आणि पिढ्यान्‌पिढ्या आपल्या पोलिसांच्या खांद्यावर राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्थानकात एके-४७ समोर उभ्या राहिलेल्या पोलिसांच्या हातात तीच होती. तिचा बोल्ट ली यांच्या पद्धतीचा, पण पाच काडतुसं एका दाबात भरायची सोय शिकवली ती बोअरांच्या माऊझरने.

मराठी सैनिकांचा माऊझरशी सामना कधी झाला?

पहिल्या महायुद्धात, मेसोपोटेमियात. याबद्दल आपण फार कमी बोलतो.

१९१५ मध्ये टायग्रिसच्या काठाने बगदादकडे निघालेली सहावी डिव्हिजन ‘पूना डिव्हिजन’ म्हणून ओळखली जायची. तिच्यात १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा, अशा तीन मराठा पलटणी होत्या. समोर तुर्की फौज, हातात ओबर्नडॉर्फच्या माऊझर. मेजर जनरल टाउनशेंडच्या हाताखाली ही डिव्हिजन टेसिफोनला अडली, मागे फिरली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा गावात वेढली गेली. उपासमारीने हालहाल होऊन २९ एप्रिल १९१६ रोजी शरण आली. त्यानंतरच्या वाळवंटातल्या कूचमध्ये आणि कैदेत किती तरी जण परत आले नाहीत.

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या गावांत अजून पाट्या दिसतात: ‘या गावातून इतके पुरुष महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके मेले.’ नावं नाहीत, नुसते आकडे. व्युर्टेम्बर्गच्या एका खोऱ्यात रायफल बनली, इस्तंबूलने ती विकत घेतली आणि कोकणातला कुणी तरी तिच्या गोळीने टायग्रिसकाठी पडला. यातल्या कुणाचंच कुणाशी वैर नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर ओबर्नडॉर्फची ऑर्डरबुकं येतात, तेव्हा त्यांच्या दुसऱ्या बाजूला या पाट्या येतात.

क्रांतिकारकांचं माऊझर पिस्तूल ते कोणतं?

ते ‘सी९६’. त्याची मूळ कल्पना पॉलची नाहीच, कारखान्यातल्या फेडर्ले या तीन भावांची. १८९५ मध्ये नमुना तयार झाला, पेटंट माऊझरच्या नावावर निघालं. चापाच्या पुढे चौकोनी मॅगझिन, झाडूच्या मुठीसारखा गोल दस्ता, लांब नळी आणि लाकडी पेटी. ही पेटी म्हणजे पिस्तुलाचं म्यान आणि मागे जोडली की खांद्याला लावायचा दस्ता. लष्करांनी सुरुवातीला फार घेतलं नाही, पण खासगी गिऱ्हाईक जगभर मिळालं. चीनमध्ये तर ते ‘पेटी-तोफ’ नावाने घरोघर पोचलं.

ब्रिटिश अधिकाऱ्यांतही ते आवडतं होतं. तरुण विन्स्टन चर्चिल १८९६ मध्ये मुंबईत ससून डॉकला होडीतून उतरताना कडीला धरून राहिला आणि त्याचा खांदा निखळला. तो खांदा पुन्हा धड झाला नाही. म्हणून १८९८ मध्ये सुदानात ओम्दुर्मानच्या घोडदळाच्या हल्ल्यात त्याने तलवारीऐवजी माऊझर पिस्तूल हाती घेतलं.

आपल्याकडची मोठी घटना २६ ऑगस्ट १९१४ ची. कलकत्त्याच्या रॉडा या शस्त्रविक्रेत्या कंपनीने मागवलेला माल जकात गोदामातून बैलगाड्यांवर निघाला आणि त्यातली एक गाडी बंगाली क्रांतिकारकांनी गायब केली. तिच्यात ५० माऊझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं होती. कंपनीतलाच एक कारकून, श्रीशचंद्र मित्र, कटात होता. रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालानुसार ही पिस्तुलं पुढे ५४ दरोडे आणि खुनांच्या प्रकरणांत वापरली गेली. ज्या रौलट कायद्याविरुद्ध पुढच्या वर्षी देश पेटला, त्या कायद्यामागच्या कागदपत्रांत ही एक बैलगाडी अशी जाऊन बसली आहे. सप्टेंबर १९१५ मध्ये बालासोरजवळ बाघा जतीन आणि त्यांचे चार साथी पोलिसांशी शेवटपर्यंत लढले, तेही माऊझरनेच.

काकोरीच्या रेल्वे लुटीतही, ९ ऑगस्ट १९२५ ला, माऊझर होती. तिथे चुकून सुटलेल्या गोळीने एक निरपराध प्रवासी गेला, हे सांगायचं टाळू नये.

चंद्रशेखर आझादांचं पिस्तूल माऊझर होतं ना?

अलाहाबादच्या संग्रहालयात जपलेलं त्यांचं पिस्तूल कोल्ट आहे, अमेरिकन बनावटीचं.

आणि अनंत कान्हेरेंचं?

ब्राउनिंग. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्या ब्राउनिंग पिस्तुलाच्या होत्या. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्यासोबत वीस ब्राउनिंग पाठवली होती, त्यांतली.

पण माऊझरचा एक धागा इथेही सापडतो. युरोपात ब्राउनिंग पिस्तुलं बनवणारी बेल्जियमची ‘एफएन’ कंपनी १८८९ मध्ये स्थापन झाली तीच मुळी बेल्जियन सैन्यासाठी दीड लाख माऊझर रायफली बनवायला.

जुन्या शिकारी रायफलींत माऊझर इतक्या का आढळतात?

कारण पकड सुटत नाही. जखमी जनावर अंगावर येताना बंदूक अडून चालत नाही. लंडनच्या रिग्बी कंपनीने ओबर्नडॉर्फकडून बोल्ट आणि तो ज्यात सरकतो तो रिसीव्हर घेऊन त्यावर स्वतःच्या रायफली बांधल्या. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटना भेट मिळालेली .२७५ रिग्बी त्याच बोल्टची.

पोर्तुगालकडे माऊझर होत्या का? गोव्याच्या संदर्भात विचारतोय.

होत्या. पोर्तुगालने १९०४ मध्ये ‘माऊझर-व्हर्गेरो’ स्वीकारली, तिच्यात त्यांच्याच एका अधिकाऱ्याने बोल्टात बदल केले होते. पुढे १९३७ पासून थेट जर्मन ९८ के, म्हणजे ९८ च्या आखूड रायफली, मागवल्या.

मग व्हर्नियर कुठून आले?

व्हर्सायच्या तहातून. १९१९ नंतर ओबर्नडॉर्फला लष्करी रायफली बनवायची बंदी आली. हजारो कुशल हात आणि शतांश मिलिमीटरचं काम करणारी यंत्रं रिकामी बसली. अशा कारखान्याने काय करायचं? कंपनीने शिवणयंत्रं काढली, हिशेबाची यंत्रं काढली, १९२३ मध्ये दोन चाकांवर धावणारी, थांबली की बाजूला छोटी आधाराची चाकं टेकवणारी एक विचित्र मोटारगाडीही काढली. टिकली ती मोजमापाची साधनं.

आमच्या कपाटातला तो व्हर्नियर या वळणाचा वारस. त्याचा जबडा इतक्या वर्षांनीही कागदाला कागद लागावा तसा मिटायचा, उजेडाची रेघ दिसायची नाही. बंदुकीची नळी आणि बोल्ट यांच्यातली फट मोजायला जे डोळे तयार झाले होते, त्यांनीच ही पट्टी घडवली.

त्याच काळात रायफल बाहेर पसरली. चेकोस्लोव्हाकियात ब्रनोला, युगोस्लाव्हियात क्रागुयेवाट्सला, चीनमध्ये, माऊझरच्या बोल्टच्या रायफली लाखोंनी बनू लागल्या. बंदी एका गावावर होती, आराखड्यांवर नव्हती.

नाझी काळात कंपनीने काय केलं?

जे सांगितलं ते आणि त्याहून जास्त. ९८ के ही आखूड रायफल १९३५ मध्ये स्वीकारली गेली. माऊझरसह वेगवेगळ्या कारखान्यांत मिळून १ कोटी ४० लाखांच्या आसपास बनल्या. लुगर पिस्तूल १९३० पासून ओबर्नडॉर्फला बनत होतं. विमानांवरची एमजी १५१ तोफ इथलीच.

हे सगळं कुणाच्या हातांनी झालं, हे विसरून या रायफलीचं कौतुक करणाऱ्यांशी माझं जमत नाही. जर्मन कामगार आघाडीवर गेले आणि त्यांच्या जागी व्यापलेल्या देशांतून हजारो माणसं वेठीला आणली गेली. जवळच्या आयस्टाइग इथे गेस्टापोची, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांची, ‘श्रम-शिस्त छावणी’ होती. पॉल माऊझरच्या पिढीचं कसब आणि या वेठबिगाऱ्यांचे हाल एकाच खोऱ्यात घडले.

१९४५ नंतर कारखान्याचं काय झालं?

एप्रिल १९४५ मध्ये फ्रेंच सैन्य ओबर्नडॉर्फला आलं. काही काळ त्यांनी स्वतःसाठी शस्त्रं बनवून घेतली, मग यंत्रं उचलून नेली आणि इमारती सुरुंगाने उडवल्या. कारखाना संपला.

माणसं उरली. माऊझरमधल्याच एडमुंड हेक्लर, थिओडोर कॉख आणि आलेक्स झायडेल या तिघांनी १९४९ मध्ये त्याच गावात ‘हेक्लर अँड कॉख’ काढली. सुरुवात शिवणयंत्रांच्या आणि सायकलींच्या भागांपासून. युद्धाच्या अखेरीस माऊझरमध्ये रोलरवर बोल्ट रोखायची एक रचना तयार होत होती. तिच्यावर काम केलेला लुडविग फोर्गरिमलर आधी फ्रान्समध्ये आणि मग स्पेनमध्ये गेला. त्याची ‘सेत्मे’ रायफल घडली आणि ती कल्पना फिरून जी३ रायफलीच्या रूपाने ओबर्नडॉर्फलाच परत आली. १९५९ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सैन्याने जी३ स्वीकारली. एमपी५ ही सबमशीनगन तिचीच धाकटी बहीण. २००८ मध्ये ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमध्ये उतरलेल्या एनएसजी कमांडोंच्या हातात तीच होती.

आणखी एक धागा आकाशातला. माऊझरने युद्धाच्या अखेरीस रिव्हॉल्व्हरसारख्या फिरत्या चेंबरची एमजी २१३ ही विमानतोफ विकसित केली. ती लढाईत उतरायच्या आत जर्मनी हरली. आराखडे जेत्यांच्या हाती लागले आणि त्यातून ब्रिटनची ‘एडन’ आणि फ्रान्सची ‘डेफा’ या तोफा निघाल्या. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाच्या वाळवंटात पाकिस्तानी रणगाड्यांवर तुटून पडलेल्या आपल्या हंटर विमानांवर प्रत्येकी चार एडन तोफा होत्या.

माऊझर कंपनी आज आहे का?

नाव दोन वाटांनी गेलं आहे. तोफांचा विभाग १९९० च्या दशकात ऱ्हाइनमेटाल समूहात गेला आणि २००४ मध्ये त्यातच विलीन झाला. टोर्नेडो, ग्रिपेन आणि युरोफायटर विमानांवरची २७ मिलिमीटरची बीके २७ तोफ ही त्या विभागाची. शिकारी रायफलींचा विभाग वेगळा होऊन बव्हेरियाच्या सीमेजवळच्या इस्नी गावात आहे. तिथे जुन्या ९८ च्या बोल्टची रायफल आजही बनते.

घरात आजोबांच्या काळची माऊझर सापडली तर?

हात लावू नका, भरलेली असू शकते. परवानाधारक वारला असेल तर शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. जमा केली म्हणून तुमचा हक्क जात नाही, वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. ‘जुनी आहे, शोभेची आहे’ ही सबब चालत नाही.

ओबर्नडॉर्फला गेलं तर काय बघता येईल?

मठाची इमारत उभी आहे. तिच्यात आता नगरपालिकेची कार्यालयं आणि सभागृह आहे. नदीकाठी ‘श्वेडेनबाऊ’, म्हणजे स्वीडिशांची इमारत आहे. १८९६ मध्ये स्वीडनची ऑर्डर तपासायला आलेल्या अधिकाऱ्यांसाठी ती बांधली होती. कारखान्याच्या बहुतेक इमारती उडवल्या गेल्या, ही राहिली. आता तिथे गावाचं शस्त्र-संग्रहालय आहे. बनवणाऱ्यांच्या इमारती पडल्या आणि तपासणाऱ्यांची टिकली. आमच्या वस्तादांना हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “इन्स्पेक्शनची खोली नेहमी बाजूलाच बांधतात.”